कलमबाईंचं पाचवं कलम

गल्लीत कुणाला खोली भाड्याने द्यायची असली की आधी कलमबाईंचा सल्ला. भाडेकरारात कलमावर कलम लिहायच्या म्हणून हे नाव पडलेलं, बाईंचं खरं नाव कुणी घेतच नसे. स्वतःचं छोटं घर, भिंतीला भिंत लागून भाड्याची एक खोली, आणि तीस वर्षांत एकही भाडेकरू डोक्यावर बसला नाही, ही त्यांची ख्याती. "गोडबोल्याला आधी नकार द्यायचा," त्या सांगायच्या. "नळ, कड्या, काचा त्याच्यादेखत लिहून घ्यायच्या. आणि दोन वर्षं झाली की हलवायचा. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!"

एका नर्सबाबत मात्र बाई स्वतःच नियम विसरल्या. ती सहा वर्षं राहिली. कामावर निघताना ती मधल्या भिंतीवर तीनदा टकटक करायची, बाई आतून तीनदा उत्तर द्यायच्या. एकदा तापामुळे बाईंचं उत्तर आलं नाही, तर पोरगी धावत आली आणि चार दिवस उशाशी बसली. तेव्हापासून ती त्यांना मावशी म्हणू लागली.

तिथंच माशी शिंकली. "आज मावशी म्हणते, उद्या घरावर हक्क सांगेल," बाईंच्या भावाने फोनवरून कान भरले. हा भाऊ तापात फिरकलासुद्धा नव्हता! तरी बाईंना त्याचंच पटलं आणि त्यांनी पोरीला खोली रिकामी करायला सांगितलं. एवढी शहाणी बाई, पण बुद्धी गहाण पडली की पडली.

नर्स भांडली नाही. मोडकी कडी पदरमोड करून बसवली, फरशी पुसली, किल्ली हातात दिली. "मावशी, आता भिंतीवर कोण वाजवेल?"

"मला काय धाड भरलीय?" बाई म्हणाल्या.

नंतर एक कारकूनबाई आली. तिच्या करारात बाईंनी नवं पाचवं कलम घातलं: भाडेकरूने कोणत्याही कारणाने मालकिणीच्या घरात पाऊल टाकू नये, घरोबा करू नये. तिने दोनदा वाचलं आणि सही केली.

महिन्याभराने सकाळी बाई न्हाणीघरात घसरल्या. खुबा मोडला, हलता येईना, घशातून आवाज फुटेना. हाताला तांब्या लागला, तो त्यांनी मधल्या भिंतीवर तीनदा आपटला. पलीकडची भांडी वाजायची थांबली. बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी पुन्हा तीनदा आपटला. मग पलीकडे कुलूप लागलं आणि पावलं लांब गेली.

दुपारी पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसाने न्हाणीघराच्या खिडकीतून त्यांना पाहिलं, म्हणून वाचल्या.

कारकूनबाई दवाखान्यात आली ती खाली मान घालून. "आवाज ऐकला होता हो. पण तुम्हीच लिहून घेतलं होतंत. आधीच्या नर्सला घरोब्यापायी काढलंत, हेही कळलं होतं. मला पुन्हा घरं शोधत वणवण करायची नव्हती."

भाऊ 'बघतो, येतो' म्हणाला, आला नाही. समोरची शेजारीण आली. तिलाही खोली भाड्याने द्यायची होती. "बाई, तुमची नवी भाडेकरू कशी आहे?" तिने सहज विचारलं.

"अगदी मला हवी होती तश्शी," कलमबाई म्हणाल्या, आणि ढसाढसा रडू लागल्या.