कात्रीमामांचा हात

कारखान्यात सगळे त्यांना कात्रीमामा म्हणत, अगदी मालकसुद्धा. दोन पाती दगडावर घासून जुळवायची आणि मधला स्क्रू असा आवळायचा की कात्री टोकापर्यंत मऊ चालावी, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. लेकीलाही त्यांनी तेच शिकवलं. तिचं धारेचं चाक त्यांच्या शेजारीच फिरायचं.

समुद्रापलीकडच्या देशाशी मुक्त व्यापाराचा करार झाला, तेव्हा मालकांचे पाय जमिनीला लागेनात. "मामा, आता जकात नाही. आपल्या कात्र्या तिकडे धडाधड जाणार!"

दार उघडलं की आतले बाहेर जातात, तसे बाहेरचे आतही येतात. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. तिकडच्या तयार कात्र्या इथल्या नुसत्या पोलादाच्या भावात येऊन पडल्या. मग गुंतवणूकही आली, नाही असं नाही. तिकडच्या कंपनीने कारखान्यात पैसा घातला, चाकं ताडपत्रीखाली झाकली आणि खोक्यांसाठी लोखंडी मांडण्या उभ्या केल्या. कारखान्याचं गोदाम झालं. कारागीर घरी बसले, लेकही बसली. मामा तेवढे राहिले, आलेला माल नजरेखालून घालायला.

मालक माणूस वाईट नव्हता. त्यांनी मामांना बाजूला घेतलं. "वर्षभर कळ काढा. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या तर धारेचं काम पुन्हा इथे करायचं, असं कंपनीने कबूल केलंय. पहिलं चाक तुमच्या लेकीचं."

म्हणजे मामांनी काहीच करायचं नव्हतं. माल यथातथाच होता. दर खोक्यात चार-दोन कात्र्या अडखळायच्याच. त्या तशाच जाऊ द्यायच्या, बस्स. पण अडखळणारी कात्री हातात आली की अंगठा आपसूक स्क्रूकडे जाई. एवढी एकच, असं म्हणत मामा पाती सोडवत आणि दगडावर घासत. जित्याची खोड, दुसरं काय! आपण लेकीच्या पोटावर पाय देतोय, हे त्यांना पक्कं कळत होतं. संध्याकाळी स्वतःला शिव्या घालत ते घरी जात आणि सकाळी येऊन पुन्हा तेच करत.

वर्ष सरलं. मालकांनी बोलावलं तेव्हा त्यांना मामांच्या डोळ्यांत बघवेना. "एकही तक्रार आली नाही हो. कंपनी म्हणते, माल इतका चोख आहे तर तपासायला तरी माणूस कशाला?" चाकं भंगारवाल्याने सकाळीच नेली होती.

घरी लेक दारातच उभी होती. मामांनी तिला सगळं सांगितलं, स्क्रूचंही. मन पार मेलं होतं, लपवायचं तरी कशासाठी?

"बाबा, एक तरी वाईट जाऊ द्यायची होतीत."

"हात ऐकेना गं."

तिला खूप ओरडायचं होतं. पण तिचा हातही त्यांनीच घडवला होता, आणि त्यानेही ऐकलं नसतं.