डेल्माच्या दोन आया

डेल्माला दोन आया होत्या. कंपनीच्या लेखी एकच, आणि ती गेल्या वर्षीच वारली होती.

जन्म दिला ती आई कायम अंथरुणाला खिळलेली. डेल्माला वाढवलं ते आईच्या बहिणीने, आयव्हीने, कूनॅम्बल गावाबाहेर नदीकाठच्या पत्र्याच्या घरात. इथल्या मूळच्या काळ्या लोकांची पोरं गोऱ्यांच्या रीतीने वाढवायला उचलून न्यायला सरकारी गाडी आली की आयव्ही तिला निलगिरीच्या पोकळ खोडात लपवायची आणि स्वतः दारात चहा ढवळत बसायची. आपण म्हणतो, माय मरो पण मावशी जगो. डेल्माच्या लोकांत तेवढाही फरक नाही. आईची बहीण म्हणजे आईच.

उतारवयात डेल्माच्या हातात रस्त्याच्या कामावर वाहतूक अडवायचा फलक आला. एका बाजूला ‘थांबा’, दुसऱ्या बाजूला ‘हळू’. कंपनीला महामार्गाचं काम हवं असेल तर इथल्या मूळच्या माणसांना कामावर घ्या, अशी सरकारची अट होती. अट चांगलीच होती हो, पण ती पाळणारे कोण? कंपनीने वस्तीतली माणसं उचलली, फोटो काढले. मग एकेक गळाला. कुणाकडे गाडी नव्हती, कुणाला मुकादम रसेलची जीभ सोसली नाही. उरली एकटी डेल्मा. तिला जाऊन चालणारच नव्हतं. मुलगी नशेत बुडालेली, आणि तिची दोन लेकरं कोर्टाने डेल्माकडे ठेवली होती ती तिच्या बांधल्या पगाराकडे बघून. काम सुटलं तर सरकारी माणसं परत दारात. आता लपवायला पोकळ खोडही नव्हतं.

डबो शहरातल्या इस्पितळात आयव्ही वारली. डेल्मा रसेलकडे गेली.

“शुक्रवारी मातीला जायचंय. आई गेली माझी.”

“डेल्मा आंटी,” रसेल म्हणाला. मूळच्या लोकांत वडीलधाऱ्या बाईला मानाने आंटी म्हणतात, असं कंपनीच्या कुठल्याशा शिबिरात शिकवल्यापासून तो तिला आंटी म्हणे. “आई तर गेल्या वर्षी गेली ना? तेव्हा रजा दिली होती की मी! अजून किती आया आहेत तुला?”

“ही आयव्ही. आईची बहीण.”

“मग मावशी म्हण ना! मावशीला रजा नाही बसत. आणि शुक्रवारीच सरकारी पाहुणे येतायत, तुमच्या लोकांना काम दिलंय ते बघायला. तूच नसलीस तर दाखवू काय, माझं थोबाड?”

“दुसऱ्या दिवशी बोलव त्यांना.”

“तू गेलीस तर दुसऱ्या दिवशी येऊच नकोस.”

शुक्रवारी डेल्मा उभी होती. अर्धा रस्ता उकरलेला, उरलेल्या अर्ध्यावरून आळीपाळीने वाहतूक सोडायची. वॉकी-टॉकीवर पलीकडचा पोरगा ओरडला, “डांबराचे ट्रक सोडलेत, तुझी बाजू अडवून धर!” तिने ‘थांबा’ फिरवला, आणि डबोकडून येणारी काळी लांब शववाहिका तिच्या पुढ्यातच थांबली.

आपल्याच हाताने तिने आईला अडवलं होतं.

मागच्या मोटारीतून आयव्हीचा मुलगा क्लॅरी उतरला. “ताई, टाक ते भुताचं दांडकं आणि बस गाडीत!”

“समोरून ट्रक येतायत रे. मी हलले तर कुणीतरी चिरडलं जाईल.”

“तुझ्याविना माती द्यायची आम्ही तिला?”

एका हाताने फलक धरून तिने दुसरा हात गाडीच्या काचेवर ठेवला. आत पेटीवर फुलं होती. “आई गं,” ती म्हणाली, “मी इथंच आहे. कुठं गेले नाही.” ट्रक धडधडत गेले. रस्ता मोकळा झाला. वॉकी-टॉकीवर पोरगा सोड, सोड म्हणून बोंबलत होता. तिचा हात काचेवरून निघेना. हा एवढाच दुखवटा तिच्या वाट्याचा होता, आणि तो संपवायचाही तिलाच होता.

मागचे भोंगे वाजायला लागले तेव्हा तिने ‘हळू’ फिरवला. गाडी निघाली. क्लॅरी तिच्याकडे न बघता गेला.

धूळ बसते न बसते तोच रसेल पाहुण्यांना घेऊन आला. कॅमेरा हातात, चेहऱ्यावर लग्नघरचा आनंद.

“ह्या आमच्या डेल्मा आंटी! आंटी, फलक जरा वर. आणि हसा बघू.”

घरी दोन लेकरं शाळेतून यायची होती. डेल्माने फलक वर धरला आणि ती हसली.