मामंजींनी भिंत चाटली तवा

बांधकाम तपासायला आलेल्या सरकारी साहेबानं आमच्या नव्या भितींतल्या एका दगडावर बोट ठिवलं, मंग दुसऱ्यावर, मंग तिसऱ्यावर, आनि म्हनला, "ह्या समद्यांला एकाच जागी खड्डा कसा?" माझ्या कडंवर पाच म्हैन्याचं लेकरू, आनि शेजारी उभे आमचे चुलत मामंजी. जल्मात दगडाबाबत खोटं न बोललेले!

आसा मानूस आख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा न्हाई, लेकराची शपथ घिऊन सांगते. जातीचा कारागीर, दगड घडवन्यात हयात गेली. दगड दिसला की खिळ्यानं वाजवनार, कान लावनार, मंग चाटनार. हो, चाटनारच! खरा दगड जिभंला गार लागतो म्हनं, सिमेंटचा खारट. सिरसाळ्याच्या बाजारात एक पाटा चाटून म्हनले, "ह्यो दगड न्हाई, भुकटीचा लाडू हाय," तं इकनाऱ्यानं दुकानच गुंडाळलं. मला बघायला आले तवा समदे माझ्याकडं बघत व्हते, हे गेले न्हानीपाशी धुन्याच्या दगडाकडं. चाटून आले आनि म्हनले, "अस्सल हाय. सोयरीक करा." तेवढ्यावर माझं लगीन जमलं.

आमचं घर अंबाजोगाईत, जुन्या देवळाजवळ. तिथं नवं बांधायचं तं सरकारी नेमानं रस्त्याकडची भिंत खऱ्या काळ्या दगडाची पायजे, न्हाई तं परवानगी रद्द, भिंत पाडा. गुत्तेदारानं साच्यात वतलेले सिमेंटचे दगड बसवले, वरून काळा रंग मारला आनि पळाला. एक टवका उडाला तवा मला कळलं. भ्यानं मी कुनाला बोललेच न्हाई, माझ्या मालकाला बी न्हाई. मामंजी नांदूरघाटला लेकीकडं ऱ्हातेत, त्यांला तं कायबी ठाव नव्हतं. साहेबानंच बोलवून घेतलं, कारन त्यांच्या जिभंवर त्याचा बी भरोसा.

मामंजींनी खिळा मारला. बद्दकन वाजला. जीभ लावली आनि त्यांचं तोंडच उतरलं. ते काय बोलायच्या आत मी लेकराच्या मांडीला चिमटा काढला, लई जोरात. लेकरानं आसा टाहो फोडला! मामंजींनी त्याच्याकडं बघितलं, मंग माझ्या बोटांकडं. समदं कळलं त्यांला.

"दगड हाय, साहेब."

"नक्की का, बाबा?"

"म्या चाटला की."

साहेबानं सही केली. मामंजी च्या बी न घेता गाडी धरून गेले. आता कुनी दगड घिऊन गेलं तं म्हनतेत म्हनं, "मला काय कळत न्हाई, दुसऱ्याला इचारा." दिसभर लेकीच्या वसरीत बसून ऱ्हातेत. मी दोनदा गेलते, पाया पडले, तं नुस्तं "लेकरू बरं हाय का?" येवढंच इचारलं.

साहेबाला जाऊन खरं सांगावं तं ह्या वयात मामंजींला खोटं पाडायचं. गप बसावं तं घास उतरत न्हाई. बायांनो, घर जात व्हतं, लेकरू कडंवर व्हतं. खरं सांगा, तुमी काय केलं असतं?