टिनाची आंच

सारवलेल्या जमिनीचा वास आला की रायपूरच्या गुढियारी वस्तीतली ती उन्हाळी दुपार आठवते. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं अन् मी शाळा अर्धी सोडून, लग्न होऊन, माहेरापासून दूर टिनाच्या छताच्या खोलीत राहत होते. बाळाचं अंग एकाएकी तव्यासारखं तापलं. माहेरी तापात पांघरूण घालत, म्हणून मी त्याले गोधडीत गुंडाळून रडत बसले. शेजारची काकी आली, छताकडं पाहून ओरडली, “बुखार नहीं है ओ, टीन की आंच है! ऊपर से गोदड़ी?” तिनं पोट्ट्याले उघडं करून आपल्या कौलारू घरातल्या गार, सारवलेल्या जमिनीवर निजवलं. हळूहळू त्याचं अंग निवलं, तो पालथा होऊन जमीन चाटू लागला अन् मी रडता रडता हसले. आज तो माझ्याहून उंच आहे, तरी त्याचं कपाळ गरम लागलं की मी आधी छताकडं बघते.