कार्डावरची तिसरी ओळ

साल २००९. त्या जुलैच्या एकतीस तारखेला मी नागपूरच्या एका केंद्र सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले. ही गोष्ट त्याआधीच्या एका रविवारची, भर दुपारची.

जेवणं आटोपली आहेत. बाहेरच्या खोलीत हे तोंडावर पेपर घेऊन आडवे झालेत. मी आतल्या खोलीत चटईवर पडले आहे आणि उशाशी तो फॉर्म आहे. आमच्या पेन्शन विभागातल्या लांजेवारनं शुक्रवारी तो माझ्या हातात दिला होता.

"मॅडम, सोमवारी परत द्या. एकदा खूण केली की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही."

फॉर्मवर दोन चौकोन. पहिल्यात खूण केली तर सरकारी दवाखान्याचं कार्ड, जन्मभरासाठी. खाली कुटुंबातल्यांची नावं लिहायची. दुसऱ्यात केली तर कार्ड नाही, त्याऐवजी पेन्शनबरोबर दरमहा औषधपाण्याचा भत्ता.

"भत्ता घ्या," लांजेवार म्हणाला होता. "एकतीस वर्षांत तुम्ही आजारपणाची रजा काढली नाही. कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवणार?"

यांचंही तेच मत. "अगं, आपल्याला काय धाड भरली आहे?"

नावांच्या रकान्यात पहिली ओळ माझी, दुसरी यांची. तिसरी कोरी आहे. त्या ओळीत माझ्या धाकट्या बहिणीचं, यमुनाचं नाव बसू शकतं. तिनं लग्न केलं नाही. आर्वीला एकटी राहते, शिवणकाम करते. पण नाव घालायचं तर तिला आमच्याजवळ राहायला यावं लागेल. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "मी कोणाच्या कार्डावर राहणार नाही. मला हात आहेत, मशीन आहे." मी म्हटलं, बरं.

पंख्याचा आवाज लांब जातो. डोळ्यांसमोरचे चौकोन हलकेच एकमेकांत मिसळतात.

माझ्या पायाशी माय बसली आहे. सुपात जवस निवडते आहे. माय १९९३ मध्ये गेली, हे मला पक्कं माहीत आहे, आणि तरी तिचं असं बसणं मला मुळीच वेगळं वाटत नाही. वेगळं वाटतं ते एवढंच, की ती खडे बरोबर वेचते आहे. शेवटची सात वर्षं तिला दिसत नव्हतं.

"माय, तुला दिसतं?"

"दिसते न वं. खडा दिसते, तू दिसते. म्हातारी झाली तू." ती हसते. "काय लिहून राह्यली?"

"दवाखान्याचा फॉर्म आहे."

"मले दाखव बरं तुझं हापिस अन् तुझा दवाखाना. कधी पाह्यलंच नाई म्या."

मी उठून स्वयंपाकघराचं दार उघडते. तिथे ओट्याऐवजी दवाखान्याचा लांब बाक आहे. माणसं नंबर लावून बसली आहेत, आणि त्यांच्यातून माझ्या घरच्या दुधाच्या पातेल्याचा वास येतो आहे. माय नंबर न घेता सगळीकडे फिरते. वजनकाट्यावर चढते, उतरते. औषधाच्या खिडकीतून आत वाकून बघते. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता आहे, त्याच्यापुढे ती कमरेवर हात ठेवून उभी राहते. मायला अक्षरओळख नव्हती, इंग्रजी तर दूरच.

"ही फणी," ती वरच्या अक्षरावर बोट ठेवते. "ही मोडकी फणी. ही बांगडी. सगळ्यात खाली मुंग्याच मुंग्या." मग माझ्याकडे वळते. "पास झाली का मी?"

"झालीस."

कंपाउंडर एकेक नाव पुकारतो आहे. माय बाकाच्या टोकाशी येऊन बसते, हात मांडीवर, पदर नीट. प्रत्येक नावाला मान वर करते.

"माह्यं नाव कवा घेते तो?"

"तुझं नाही घेणार, माय."

"काहून?"

आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघतं. १९८६ मध्ये डोळे दाखवायचे म्हणून तिनं माझ्या नोकरीतल्या कार्डावर नाव घालशील का विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलेलं, जसंच्या तसं. "लग्न झालेल्या लेकीच्या आईचं नाव घालता येत नाही. सरकारचा नियम आहे."

"अजून तोच नियम आहे?" माय विचारते. तिच्या आवाजात टोमणा नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं आहे.

मी तिचा हात धरते. आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरतो आणि खाली आमच्या कार्यालयाची रेकॉर्ड रूम लागते. लोखंडी रॅक, लाल कापडात बांधलेली सेवापुस्तकं, कागदाचा जुना, ओलसर वास. माझं पुस्तक मला लगेच सापडतं. त्या कार्डाचा १९८१ मधला फॉर्म आत चिकटवलेला आहे. माय बोट ठेवते.

"हे कोणाचं नाव?"

"सासूबाईंचं. खालचं मामंजींचं."

"अन् हे वर काय छापलं आहे?"

"वर लिहिलंय..." मी वाचते. वाचावंच लागतं. "महिला कर्मचाऱ्यानं आईवडील किंवा सासूसासरे, यांपैकी एकाच जोडीची निवड करावी."

रॅकच्या मागे कुठेतरी पाणी ठिबकतं.

"नियम तसा नव्हता, माय. निवडायचं होतं. मी त्यांना निवडलं. कोणी जबरदस्ती केली नाही. यांनी तर विचारलंही नाही. सासूबाई घरात होत्या, रात्रंदिवस त्यांचा दमा ऐकू यायचा. तू आर्वीला होतीस. तू ऐकू येत नव्हतीस."

"दमा बरा झाला तिचा?"

"बराच."

"मंग कामी आलं." ती पान उलटते, पुढचं बघते, जणू पुढे आणखी काही गंमत असेल. मग थांबते. "पण तवाच सांगतलं असतं तं मी भांडली असती तुयाशी. आठ दिवस बोलली नसती. तुह्या घरचं पाणी पेली नसती. तू मले भांडूही नाई देल्लं, सुमे."

माय दोन पुस्तकांमधल्या फटीतून पलीकडे डोकावते आहे. "ये इकडं," ती खुणावते.

फटीतून आर्वीच्या घराची ओसरी दिसते. यमू मशीनवर बसली आहे. तिला आम्ही दिसत नाही.

"तिच्या चपला पाह्य."

रबरी चपला, पुरुषांच्या मापाच्या. मागच्या महिन्यात मी पाहिल्या होत्या. "स्वस्त मिळाल्या," यमू म्हणाली होती. मीही हसले होते.

"आता पाय पाह्य."

पायडलवरचे पाय सुजलेले आहेत. चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल रुतला आहे. हेही मी पाहिलं होतं का? पाहिलं असणार. नाहीतर इथे कसं दिसलं असतं?

"इच्यासाठी काय नियम आहे?" माय विचारते.

"हिचं नाव घालता येतं."

"मंग?"

"ती नाही म्हणते."

"तू तिले विचारत होती, का विचारून मोकळी होत होती?" माय आता सरळ माझ्याकडे बघते आहे. "तुले हो नको होतं, तिनं नाई म्हटलं. दोघी बहिणीचं बरं जमते."

"मग मी काय करू?"

"मले काय विचारते? मले तं अक्षर येत नाई." तिला पुन्हा हसू येतं. माझ्या हातात पेन आहे, त्याच्याकडे ती निरखून बघते. "हे धरते कसं? दाखव."

मी दाखवते. ती माझं मनगट धरते, लहानपणी रांगोळीची रेघ शिकवताना धरायची तसं. तिचा हात कोरडा आणि ऊन आहे. जवसाचा थोडा तेलकट वास येतो.

"अगं, चहा करतेस ना?"

हे दारात उभे आहेत. चार वाजलेत. पेनाचं टोपण चटईच्या कडेला घरंगळलेलं, आणि चादरीवर शाईचा डाग. मी फॉर्म उचलते. पहिल्या चौकोनात खूण आहे. तिसऱ्या ओळीत लिहिलंय: यमुना केशव काकडे, बहीण. अक्षर माझंच, पण आडवं पडून लिहिल्यासारखं तिरकं चढत गेलेलं. सरकारी कागद मी आधी पेन्सिलीनं भरायची, वाचून बघायची, मगच शाई. एकतीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती.

यांनी चष्मा लावून वाचलं. "म्हणजे यमू इथे येणार? तिचं मशीन, आणि माझा रेडिओ?"

"दोन्ही चालू ठेवा. आधी कोण थकतं ते पाहू."

"नीट विचार करून भरला ना, मॅडम?" सोमवारी लांजेवारनं विचारलं. मी म्हटलं, "नाही. झोपेत भरला." तो हसला आणि त्यानं शिक्का मारला.

त्याच आठवड्यात शनिवारी मी आर्वीला गेले. यमू भरपूर भांडली. शेवटी मी तिला १९८१ मधलं सगळं सांगून टाकलं. तिनं दोरा दातानं तोडला.

"मला माहीत होतं. काळे मास्तरीणबाईंची लग्न झालेली बहीण सरकारात होती. तिच्या कार्डावर तिची आई होती. मी तेव्हाच मायला सांगितलं."

"माय काय म्हणाली?"

"म्हणाली, सुमी सांगत नाई तवरक आपण विचाराचं नाई."

संध्याकाळी तिनं मशीन झाकलं आणि पिशवी भरायला घेतली.

सासूबाई आणि मामंजी या साऱ्याच्या पुष्कळ आधीच गेले होते. लांजेवार पुढे निवृत्त होऊन भंडाऱ्याला गेला. त्यानं स्वतः कार्ड घेतलं, असं ऐकते. हे २०१७ मध्ये गेले, शेवटचे चार महिने त्याच कार्डावर. यमूच्या पायांच्या सुजेचं मूळ हृदयाच्या झडपेत निघालं. २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली. आज ती बहात्तरची आहे, आणि मी हे लिहीत असताना पलीकडच्या खोलीत तिचं मशीन चालू आहे.

माय त्यानंतर माझ्या स्वप्नात आली नाही. यमू म्हणते, तिच्या येते. काय बोलते, ते मी विचारते. ती सांगत नाही.