साहेबांच्या गोष्टीतला जखमी

"पड ना बे लवकर. पोरं उन्हात उभी आहेत."

माइकवर हात ठेवून साहेब मला म्हणाले. मी स्टेजवर आडवा झालो. माझ्या मांडीला लाल रंगवलेली पट्टी बांधली होती. साहेबांनी माझी कॉलर धरली आणि छाती काढून, उभ्यानं, मला फरफटत नेलं.

"याच्या मांडीत गोळी, माझ्याही मांडीत गोळी, तरी मी याले सोडला नाई!"

टाळ्या पडल्या.

माझ्या मांडीला कधीच गोळी लागली नव्हती.

फौजेत साहेब आमचे अधिकारी. निवृत्त झाल्यावर त्यांनी कारंजा गावात सैन्यभरतीची अकॅडमी काढली. मी निवृत्त झालो तेव्हा मला कवायत शिकवायला ठेवलं. दर नव्या बॅचला हा खेळ. त्यांच्या घरची दुकानं, शेती. माझ्या आईनं त्यांच्या कपाशीत वर्षानुवर्षं निंदण केलं. मी बारावी होऊन फौजेत गेलो. साहेबांनी परीक्षेला सुट्टी दिली म्हणून बी.ए. झालो, घरातला पहिला. ते उपकार मी आजही नाकारत नाही. म्हणूनच पडत आलो.

घडलं ते वेगळं. बांबूचं जंगल. भर दुपार, पण दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. अतिरेक्यांच्या पहिल्याच गोळीबारात साहेब मांडीत गोळी लागून कोसळले. "मले सोडू नको," एवढंच म्हणत राहिले. त्यांच्यानंतर हुकूम द्यायला मीच उरलो होतो, साधा नाईक. चौघांना नाल्याच्या काठावर बसवलं. ते गोळ्या झाडतील तोवर बाकीच्यांनी मागं सरकायचं, मग उलट. साहेबांना छातीवर घेतलं. पाठीवर पडून, टाचांनी जमीन रेटत मागं मागं सरकलो. डोकं वर केलं असतं तर दोघंही संपलो असतो. अकराच्या अकरा जण बाहेर आलो.

दवाखान्यात साहेबांनी माझा हात धरला. "रिपोर्टमध्ये तुझं नाव राहीन."

राहिलं. वाचवलेला जवान म्हणून. पदक साहेबांना मिळालं. त्याचे पेढे तुकडीत मीच वाटले.

परवा स्टेजवर पडलो त्या दिवशी गावाहून, रोहण्याहून, आई आली होती. खरी गोष्ट मी फक्त तिलाच सांगितली होती. कार्यक्रम संपल्यावर तिनं माझ्या पाठीवरची माती झटकली.

"तू काऊन पडला रे? तूनंच त आणलं होतं न त्याले."

"आई, नाटक आहे ते."

"मंग तो काऊन नाई पडत?"

मी खाली वाकून मांडीवरची पट्टी सोडू लागलो. बी.ए. झालेल्या माणसाला ती गाठ सुटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पोरं-पोरी सराव करत होती. एक जण आडवा, दुसरा त्याची कॉलर धरून उभ्यानं ओढतोय. छाती काढून. हुबेहूब साहेब. जंगलात असा उभा राहणारा पहिल्या मिनिटाला मरतो. आणि हे त्यांना मी शिकवलं होतं. पडून पडून.

पुढच्या बॅचला साहेबांनी पट्टी पुढं केली. मी ती टेबलावर ठेवली.

"नाई पडत, साहेब."

"पदवी कोणामुळं भेटली बे तुले?"

"सुट्टी तुम्ही दिली. पेपर मी लिहिले."

मग मुलांकडे वळलो. "असं उभ्यानं ओढू नका. मराल." आणि त्या दुपारी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब खुर्चीवर बसून जमिनीकडे पाहत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

नाही गेलो.

फौजेच्या मुख्यालयाला पाठवायला मी सगळं लिहून काढलं आहे. कोण कुठं होता, कोणी काय केलं, हुकूम कोणाचा. त्या अकरांपैकी तिघं खाली सही करायला तयार आहेत. बाकीच्यांच्या गावी मी स्वतः जाणार आहे. मला पदक नको. साहेबांच्या पदकाचं काय करायचं ते सरकारनं ठरवावं. पण ही गोष्ट जशी घडली तशीच कागदावर जाईल. आणि कोणाच्याही उपकाराची फेड म्हणून मी यापुढे जखमी होणार नाही.