पोटाची चिठ्ठी

"खाल्लं का?"

आमच्या उपकेंद्रात तपासणी इथूनच सुरू व्हायची. दारात एक लोखंडी स्टूल, स्टुलावर चाचा. ते आमचे शिपाई. झाडू मारायचा, केसपेपर फाडून द्यायचा, एवढंच त्यांचं काम. पण माणूस पायरी चढला की हनुवटीने त्याच्या पोटाकडे खूण करत ते विचारायचेच, "खाल्लं का?"

मी तिथली सिस्टर. तेव्हा मला पाहायला हवं होतं तुम्ही! वय चाळिशीचं, ऐट विशीची. अक्षर चांगलं असूनही मी मुद्दाम डॉक्टरांसारखं वेडंवाकडं लिहायची. स्टेथोस्कोप चहा गाळतानाही गळ्यातून काढत नसे. एकदा तो पातेल्यात बुडाला. चाचांनी शांतपणे विचारलं, "काय म्हणते सिस्टर, चहाची नाडी बरी हाये ना?" आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

गाव पिंपळगाव राजापासून आत. शिवारात जिकडेतिकडे बीटी कपाशी. एका वर्षी बोंडं नीट धरलीच नाहीत. वेचायला कापूस नाही, म्हणून बायांना काम नाही. चक्कर येते म्हणून त्या आमच्याकडे यायच्या. मी दंडाला पट्टा बांधायची, बीपी कमी निघायचं, केसपेपरवर 'अशक्तपणा' लिहून लाल गोळ्या द्यायची. चाचा काही लिहायचे नाहीत. बाई बाहेर पडली की आपल्या डब्यातली अर्धी भाकर तिच्या पदरात टाकायचे.

"चाचा, हा दवाखाना आहे, खानावळ नाही."

"हाव. पण सिस्टर, उपाशी पोट दिलाले चिठ्ठी धाडते. 'आज इथं काई आलं नाही, तू जरा दमानं घे.' तुमच्या मशीनीत तेच दिसून राह्यलं."

"पोटाला लिहिता येतं का?"

"येते ना. तुमच्यापेक्षा बरं. वाचता तरी येते."

रोज्यांच्या महिन्यात मी मुद्दाम त्यांचं बीपी घ्यायची. काटा खाली गेला की तेच खूश. "पाह्यलं? पोचली चिठ्ठी."

थंडी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता सांगताना काही होत नाही. दुपारी चाचा स्टुलावरून उठून आत आले. हात बरगड्यांच्या खाली दाबलेला, कपाळावर घाम.

"पोटात आग पडून राह्यली, सिस्टर."

"खाल्लं का?" मी त्यांची नक्कल करत विचारलं.

"नाही. डबा देऊन टाकला."

बीपी घेतलं. कमी. खामगावच्या दवाखान्यात पाठवायचं तर चिठ्ठी लिहून द्यावी लागे. मी चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं, त्यांचं नाव लिहिलं.

"राहू द्या. पोटच हाये. काऊन हैराण होता?"

इतक्या वर्षांत त्यांचं एकही म्हणणं मी मानलं नव्हतं. हे मानलं. वर स्वतःचं कौतुकही वाटलं, काय समंजस झाले मी! उपाशी पोट, उतरलेलं बीपी, सगळं त्यांच्याच हिशेबाने जुळत होतं. मी पित्ताची गोळी दिली आणि माझ्या डब्यातली पोळी दिली. पोळी त्यांनी रुमालात बांधून घेतली. घराच्या अलीकडच्या वळणावर एका ओट्यावर बसले, ते उठलेच नाहीत.

डॉक्टर नंतर म्हणाले, हृदयाचा झटका कधीकधी पोटातच दुखतो. म्हणजे त्या दिवशी चिठ्ठी दिलाने पोटाला लिहिली होती.

माझी नात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा मोठ्याने वाचत होती. रिकामं जठर रक्तात एक संप्रेरक सोडतं. त्याने भूक लागते. पण रक्तवाहिन्याही त्याने सैल होतात, दाब थोडा उतरतो, हृदयालाही त्याचा आधार होतो असं दिसतं.

"आजी, संप्रेरक म्हणजे एका अवयवाने दुसऱ्याला धाडलेला निरोप."

"चिठ्ठी," मी म्हणाले.

"हां, तसंच समज." तिने पान उलटलं.

चाचा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं. मी उपकेंद्र उघडलं, झाडू मारला, टेबलाशी बसले. चिठ्ठ्यांच्या पुस्तकातल्या वरच्या चिठ्ठीवर नुसतं चाचांचं नाव होतं. पहिली बाई आली. तिला कोणी काही विचारलं नाही. ती दारात थांबली, रिकाम्या स्टुलाकडे पाहून म्हणाली, "नाही खाल्लं." मग आत येऊन तिने हात पुढे केला.

मी पट्टा बांधला.